जिभेखालचे दाणे

डुकरं विकत घ्यायला येणाऱ्या माणसाला सगळे जीभवाला म्हणायचे. त्याचं खरं नाव कुणी कधी विचारलं नव्हतं. घ्यायचं डुक्कर तो आडवं पाडायचा, जबड्यात आडवी काठी घालायचा, फडक्यात धरून जीभ बाहेर ओढायचा आणि तिच्या खालून अंगठा फिरवायचा. गुळगुळीत लागलं की मान हलवायचा, की सौदा झाला.

त्या दिवशी त्यानं वहिनीच्या शेडमधल्या पहिल्या डुकराच्या जिभेखालून अंगठा फिरवला, थांबला, परत फिरवला. मग दुसरं पाडलं. मग तिसरं. तिसऱ्यानंतर त्यानं फडकं झटकून खांद्यावर टाकलं आणि बादलीत हात बुडवले.

"तुम्हीच बघा हात लावून," तो म्हणाला.

वहिनीनं बोट लावलं. ओल्या, गरम जिभेखाली भिजल्या तांदळासारखे काहीतरी टणक दाणे होते, बोटाखालून सरकणारे. तिनं झटकन हात मागे घेतला.

"खाणं बदलून बघते. औषध आणते."

"खाण्याचं नाही हे." जीभवाला जरा घुटमळला. "राग मानू नका वहिनी, पण हे दाणे डुकराला माणसाकडून होतात. माणसाच्या पोटात पट्टीसारखा लांब जंत असतो. त्याची अंडी संडासातून बाहेर पडतात, आणि डुक्कर तिथं तोंड घालतं. तुमच्या टाकीचं झाकण फुटलंय, मागच्या खेपेला बघितलं होतं मी." त्यानं हात पुसले. "आमच्याकडची जुनी माणसं अजून एक सांगायची. ज्या घरच्या डुकराला दाणे, त्या घरात कुणाला तरी झटके."

"आमच्या घरात नाहीत कुणाला," वहिनी म्हणाली.

ती खोटं बोलली होती.

सोळा दिवसांपूर्वी, सकाळी, बारक्या ओट्याशेजारी स्टुलावर बसून बुटाची नाडी बांधत होता. बारक्या म्हणजे तिचा दीर. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि आता सव्वीस वर्षांचा बाप्या झाला होता, तरी नाव बारक्याच राहिलं. तो शाळेची व्हॅन चालवायचा. नाडी बांधता बांधता तो वाकलेलाच राहिला आणि मग स्टुलावरून कलंडला. डोळे वर गेले, दात आवळले गेले, हातपाय ताठ होऊन झटके द्यायला लागले. वहिनीला काही सुचेना. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि नुसतं त्याचं नाव घेत राहिली. दोन मिनिटं असतील, पण तिला वाटलं सकाळ संपली. मग तो सैल पडला. थोड्या वेळानं शुद्धीवर आला आणि पहिलं वाक्य बोलला ते हे, "वहिनी, कुणाला सांगू नकोस. शाळेला कळलं तर व्हॅन जाईल माझी."

"अरे पण डॉक्टर..."

"उपाशी होतो, चक्कर आली. शपथ घे माझी."

तिनं शपथ घेतली. नवरा पहाटेच विटांच्या भट्टीवर गेला होता, सासूबाई मागच्या दारी बसल्या होत्या. पाहिलं ते फक्त तिनं.

आता जीभवाला गेल्यावर ती शेडच्या कुंपणाला टेकून उभी राहिली. झटके बारक्याला. जंत कुणाच्या पोटात, हेही तिला माहीत होतं. गेल्या पाच-सहा महिन्यांत तीनदा तिला संडासाला बसून उठताना पांढऱ्या भांड्यात पांढऱ्या नाडीचे कापलेले तुकडे पडल्यासारखं काहीतरी दिसलं होतं. पहिल्यांदा वाटलं, काहीतरी न पचलेलं. दुसऱ्यांदा किळस आली. तिसऱ्यांदा तिनं बघितलंच नाही, डोळे मिटून बादलीभर पाणी ओतलं. असलं काही बोलायचं तरी कुणापाशी?

दुसऱ्या दिवशी ती आरोग्य केंद्रात गेली. डुकरांचं निमित्त पुढे केलं. तिथली नर्स जाड चष्म्याची, मोठ्या आवाजाची बाई होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कागद-पेन घेऊन खुर्ची पुढे ओढली.

"घरात कुणाला झटके, फिट?"

"नाही."

"सतत डोकं दुखणं?"

"नाही."

"कुणाला संडासात पांढरे चपटे तुकडे दिसलेत?"

"नाही बाई."

नर्सनं चष्म्यावरून बघितलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. वहिनीला वाटलं, हिला आपल्या कपाळावर सगळं लिहिलेलं दिसतंय.

"नसेल तर चांगलंच," नर्स म्हणाली. "पण ऐकून ठेवा. अर्धं कच्चं मांस खाल्लं की दाणा पोटात जातो आणि त्याचा जंत होतो. तो आतड्यात राहतो, त्या माणसाला फारसा त्रासही देत नाही. पण त्याची अंडी हाताला लागली, हात नीट धुतले नाहीत आणि त्याच हातानं कुणाला खायला दिलं, तर खाणाऱ्याच्या पोटातून ती रक्तात जातात आणि मेंदूत जाऊन बसतात. डुकराच्या जिभेत जे होतं तेच माणसाच्या मेंदूत होतं. खाणाऱ्यानं जन्मात मांस खाल्लेलं नसलं तरी."

वहिनीनं पदर घट्ट धरला. मांस शिजताना मधेच एक तुकडा काढून मीठ बघायची सवय तिची होती. बारक्याच्या डब्यात रोज काकडी-टोमॅटो चिरून द्यायची ती. "कच्चं खावं, तब्येतीला बरं," असं कुठूनतरी ऐकून तिनंच सुरू केलं होतं.

नर्सनं चार छोट्या प्लॅस्टिकच्या डब्या दिल्या. घरातल्या प्रत्येकानं आपल्या शौचाची एक भरून आणायची. "आणि कुणाला झटके येत असतील," ती दारापर्यंत येऊन म्हणाली, "तर त्यानं गाडी चालवायची नाही, आगीजवळ, पाण्याजवळ जायचं नाही. आणि मनानं जंताची गोळी घ्यायची नाही. मेंदूत दाणे असले आणि काही गोळ्या न तपासता घेतल्या, तर दाणे एकदम फुगतात. आधी फोटो काढायचा डोक्याचा."

घरी डब्यांनी तमाशा झाला. नवरा हसत सुटला. "डुकराला दाणे आणि डब्या आपण भरायच्या? उद्या म्हणतील कोंबडीला खोकला झालाय, तुम्ही औषध प्या!" सासूबाईंनी डबी उलटीसुलटी करून बघितली. "एवढीशी? या वयात माझा नेम लागायचा नाही," म्हणाल्या. बारक्याही हसला, पण त्याची नजर वहिनीकडे होती. सगळे हसत होते तेव्हा ती भांडी घासत होती. साबणानं तिसऱ्यांदा हात धुवून झाले होते.

त्या दिवसापासून तिनं काकडी चिरणं बंद केलं. सगळं उकळायची, सगळं करपेपर्यंत शिजवायची. नखं मुळापासून कापली, इतकी की बोटं हुळहुळायला लागली. पाणी द्यायचं तर पेल्याला बाहेरून तळाशी धरायची. आणि रोज सकाळी बारक्याची व्हॅन गल्लीतून बाहेर पडली की ती दारात उभी राहून मनातल्या मनात रस्ता चालायची. आता चौक. आता पूल. आता उतार. आता फाटक. चौदा मुलं. व्हॅन परत आल्यावरच ती आत वळायची.

तिसऱ्या सकाळी तिला राहवलं नाही. "मला शाळेच्या बाजूला काम आहे," म्हणत ती व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर चढली. बारक्यानं नुसतं बघितलं. एकेक थांब्यावर मुलं चढली, दप्तरं आपटली, खिडकीवरून भांडणं झाली. पूल गेला. उतार सुरू झाला. आणि वहिनीला दिसलं, स्टिअरिंगवर ठेवलेल्या त्याच्या डाव्या हाताची बोटं हलायला लागली. आधी करंगळी, मग सगळी, टकटक टकटक, आपोआप.

"बारक्या."

त्याचे ओठ आवळले होते. हात मनगटापासून उडायला लागला होता. त्यानं उजव्या हातानं व्हॅन कडेला घेतली, चाक दगडावर चढलं, गाडी हिसका देऊन थांबली. त्यानं डावा हात मांडीखाली दाबला आणि तसाच बसून राहिला. कपाळावरून घामाचे ओघळ वाहत होते.

"काका ठेका धरतायत!" मागून एक मुलगी ओरडली, आणि सगळी मुलं सीटवर तबला वाजवल्यासारखे हात आपटून ठेका धरायला लागली.

मिनिटभरानं हात शांत झाला. बारक्यानं तो मांडीखालून काढला, उघडमीट करून बघितला. "मुंग्या आल्या," तो पुढे बघत म्हणाला. मग गाडी सुरू केली. शाळेच्या फाटकात मुलं उतरून गेल्यावर वहिनीनं विचारलं, "किती वेळा?"

"हातच हलतो. पडलो फक्त दोनदा. दुसऱ्या वेळी गाडी उभी होती."

"फक्त दोनदा," वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारक्या बूट घालून तयार झाला तेव्हा खिळ्यावर किल्ली नव्हती. नवऱ्याची त्या दिवशी सुट्टी होती. तो आणि सासूबाई चहा घेत बसले होते. वहिनी ओट्याला पाठ लावून उभी होती, उजवी मूठ मिटलेली.

"वहिनी, दे. उशीर होतोय."

"नाही देणार."

"काय पोरखेळ लावलायस?" नवरा म्हणाला. "दे त्याची किल्ली."

"त्याला फिट येते. माझ्यासमोर आलीय. काल गाडीत मुलं असताना हात उडत होता त्याचा."

बारक्याचा चेहरा पडला. मग लाल झाला. "शपथ घेतली होतीस तू! माझ्या पोटावर पाय देतेस? सोड ती किल्ली." त्यानं तिचं मनगट धरलं. पंधरा वर्षांत त्यानं कधी असा हात धरला नव्हता. वहिनीच्या मुठीत किल्लीचे दाते रुतत होते.

"तुला झालंय ते माझ्यामुळे झालंय," ती म्हणाली. "जंत माझ्या पोटात आहे. पाच-सहा महिने मला दिसतंय. तुकडे पडतात. मी कुणाला बोलले नाही. नर्सलाही नाही म्हणाले. माझ्याच हातचं खाऊन तुझ्या डोक्यात गेलंय ते. आता तू त्या मुलांना घेऊन कुठं धडकलास, तर मी... मला जगता यायचं नाही रे."

बारक्यानं मनगट सोडलं. नवऱ्यानं हातातल्या कपात बघितलं आणि कप हळूच खाली ठेवला. वहिनीनं ते पाहिलं. काही बोलण्यापेक्षा ते ठेवणंच तिला जास्त लागलं.

सासूबाईंनी मात्र आपला चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," त्या म्हणाल्या. "डुकरांच्या जिभा कसल्या बघता, घरातल्या माणसाला कधी विचारलंत? पंधरा वर्षं हिच्या हातचं खातेय मी. उकळल्या चहानं काय व्हायचंय. आणि तू रे, फोन कर त्या दुसऱ्या ड्रायव्हरला. मुलं थांब्यावर उभी असतील."

बारक्यानं फोन केला. मग उंबऱ्यावर बसून बूट काढले. मागे न बघता तो म्हणाला, "म्हणजे डब्याबरोबर अंडीपण द्यायचीस तू मला." नवरा कसनुसं हसला. वहिनीला रडू फुटलं.

दुपारी चौघं आरोग्य केंद्रात गेले. नर्स रागावली नाही. तिनं खोट्या उत्तरांचा कागद फाडला आणि नवा घेतला. "सगळेच नाही म्हणतात," एवढंच बोलली. दोन दिवसांत डब्यांचा निकाल आला. तिघांच्या स्वच्छ, वहिनीच्या डबीत अंडी. तिच्याही डोक्याचा फोटो काढायला लावला. त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये पडल्या पडल्या तिच्या मनात आलं, आपल्याही डोक्यात निघाले तर बरं होईल, फिट्टंफाट होईल. पण तिच्या डोक्यात काहीच नव्हतं. दोन गोळ्या चावून खायला लागल्या, मग जुलाबाचं औषध. नर्सनं ठेवलेल्या बादलीत जे पडलं ते हातभराहून लांब होतं आणि त्याला शेवट दिसत नव्हता. नर्सनं काठीनं उलटसुलट करून बघितलं. "महिन्याभरानं परत तपासू," ती म्हणाली. "आणि लाज सोडा आता. लाजेपायीच हा वाढतो."

बारक्याच्या फोटोत तीन बुडबुडे होते. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरणीनं उजेडाच्या पाटीवर फिल्म लावून पेनानं दाखवलं. प्रत्येक बुडबुड्यात एक पांढरा ठिपका होता. "ते डोकं," ती म्हणाली.

"कुणाचं?" नवऱ्यानं विचारलं.

"जंताचं. दोन जिवंत आहेत, एक मरायला लागलाय. मरताना आजूबाजूला सूज येते, त्यामुळेच फिट येते. औषधानं आम्ही मारणार, पण सूज उतरवणारं औषध आधी सुरू करून. पहिला आठवडा अवघड जाईल. इथंच राहावं लागेल."

दुखणं येतं हत्तीच्या पावलानं आणि जातं मुंगीच्या पावलानं म्हणतात, ते त्या वॉर्डात कळलं. तिसऱ्या दिवसापासून बारक्याचं डोकं इतकं दुखायला लागलं की तो चादर तोंडावर ओढून भिंतीकडे वळून पडायचा. उजेड नको, आवाज नको, आणि वहिनी नको. ती आत आली की तो डोळे मिटून घ्यायचा. त्याचं जेवण नवरा भरवायचा. ती बाहेरच्या बाकड्यावर बसायची. चौथ्या दिवशी दुपारी आत खाट खडखडायला लागली. ती धावली, तोवर दोन नर्स त्याला कुशीवर वळवून धरून होत्या. महिन्यापूर्वीच्या त्या सकाळच्या फिटपेक्षा ही लांबली. दंडात सुई गेली. ताठ झालेला पाय पलंगाच्या दांड्यावर आपटत होता, तो वहिनीनं दोन्ही हातांनी धरला. कुणी तिला बाहेर जा म्हणालं नाही. पाय शांत झाला तरी तिनं सोडला नाही.

त्याच आठवड्यात ती शाळेत गेली. जायला कुणी सांगितलं नव्हतं. मोठ्या बाईंनी सगळं ऐकलं, आणि त्यांचा आवाज चढला. "चौदा मुलं रोज त्या गाडीत, आणि तुम्ही वीस दिवस गप्प बसलात?"

"हो," वहिनी म्हणाली. त्यांनी खूप सुनावलं, ते तिनं उभं राहून ऐकलं. फाटकाशी 'ठेका' ओरडलेल्या मुलीची आई भेटली. तिनं मुलीला दुसऱ्या बाजूला घेतलं.

व्हॅन गेली. फिट न येता निदान दोन वर्षं गेल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही, असं डॉक्टरणीनं लिहून दिलं. हॉस्पिटलातून आल्यावर बारक्या ओळखीच्या गॅरेजमध्ये टायरचं काम करायला लागला. जनावरांच्या डॉक्टरनं डुकरांना औषध पाजलं आणि तीन महिने एकही विकायचं नाही म्हणून बजावलं. नवऱ्यानं भट्टीवरून विटा आणून टाकीभोवती भिंत घातली, वर नवं झाकण बसवलं, आणि डुकरं मोकळी सोडणं कायमचं बंद केलं. घरात सगळे तिच्याशी बोलायचे. पण नवरा ताटात पहिल्या घासाआधी क्षणभर थांबायचा, आणि ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं. कुठं काही पडल्याचा आवाज झाला, पेला असो की मांजरानं पाडलेलं झाकण, वहिनी हातातलं टाकून पळायची.

सहा महिन्यांनी परत फोटो काढला. यावेळी बारक्या म्हणाला, "वहिनी येऊ दे बरोबर." दोघं हॉस्पिटलच्या लांब बोळात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसले. डॉक्टरणीनं सांगितलं होतं ते दोघांचं मनात घोळवून झालं होतं. दोन बुडबुडे विरले होते. तिसऱ्याचा खडा झाला होता. तो तिथंच राहणार. कदाचित काही करणार नाही, कदाचित कधीतरी परत फिट आणेल. गोळ्या बंद करायच्या नाहीत.

"खडा काय," बारक्या म्हणाला, "माझ्या डोक्यात पहिल्यापासून दगडच आहेत म्हणायचे मास्तर."

वहिनी हसली नाही. सहा महिने जिभेवर असलेलं तिनं विचारलं. "राग आहे का रे माझ्यावर?"

तो समोरच्या भिंतीवरच्या बाणाकडे बघत राहिला. औषधाच्या खिडकीवर कुणीतरी नंबर पुकारत होतं.

"होता," तो म्हणाला. "हॉस्पिटलात फार होता. आता दिवसभर नसतो. सकाळी गोळी घेताना येतो थोडा."

"येऊ दे," वहिनी म्हणाली. "पण गोळी चुकवू नकोस."

"नाही चुकवत."

मग त्यांचा नंबर पुकारला, आणि ती पिशवीतून चिठ्ठी शोधायला लागली.